माळवदावरची तार

वालूरला माळवदावर चढायची एक रीत होती. चढणारा पुरुष असेल तर त्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबून मोठ्याने सांगायचं, "माळवदावर यायलोय हो!" मग मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे आणि त्यानंतरच वर जायचं. घरं एकमेकांना खेटलेली, माथ्यावर मातीची सपाट माळवदं, मधे उघडी अंगणं आणि अंगणाच्या कोपऱ्यात तट्ट्याच्या आडोशाची न्हाणी. तट्ट्या चारी बाजूंनी लाज राखतो, वरून राखत नाही. म्हणून ही हाळी. बायकांना हाळी द्यावी लागत नसे. कुरडया वाळत घालायला, मिरच्या पसरायला त्या दिवसातून चारदा वर जात आणि कुणी मान वर करून बघत नसे.

बन्सीधर ही रीत एकदा विसरला आणि त्याच्या बायकोचं, पंचफुलाचं, आयुष्य पालटलं.

बन्सीधर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. हातात कला होती, पण माणूस तंद्रीतला. जेवताना समोर भाजी वाढलेली असे आणि हा कोरडी भाकरी खाऊन उठे. १९९२ सालच्या दसऱ्याला त्याने वेशीजवळच्या आपल्या दुकानावर एक मोठी छत्री बसवली. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमची जाळी. सेलूच्या वेल्डरकडून ती करून घेतली होती आणि बैलगाडीतून आणताना ती पाहायला अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं.

"छत्रीला भोकंच भोकं. पाऊस गळंल की रं," असं म्हणणारे आप्पाराव पहिले, आणि आठवड्याभरात तार घेणारेही तेच पहिले.

छत्रीने आभाळातून धरलेली चित्रं घराघरांत न्यायची तर खांब हवेत. खांब कुठून आणायचे? तेव्हा काळी तार माळवदांवरूनच निघाली. या घरावरून त्या घरावर, तिथून पुढच्यावर, बायका फुगडीला हात धरतात तशी. मधल्या एका घराने हात सोडला की पुढची सगळी घरं अंधारात.

दिवाळीच्या आधी एका सकाळी वानरांनी तार ओढली आणि गावभर चित्र फाटलं. बन्सीधर तोंडात पक्कड धरून लगबगीने शिडी चढला. पक्कड तोंडात असताना हाळी कशी देणार? शेजारच्या न्हाणीत गोजरबाई अंघोळ करत होत्या. साठी ओलांडलेल्या, सात नातवंडांच्या, पण नेम तरण्या माणसासारखा. पितळी तांब्या थेट बन्सीधरच्या गुडघ्यावर बसला. दुपारपर्यंत गावात या गोष्टीच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि संध्याकाळी चार घरांकडून निरोप आला : तार राहू द्या, पण बन्सीला वर पाठवू नका.

"मग तार नीट कोण करंल?" गुडघा चोळत बन्सीधर म्हणाला.

पंचफुला चुलीपुढे भाकरी थापत होती. "मी जाते की."

"तुला काय कळतं तारंतलं?"

"तुमाला तरी माळवदावरचं काय कळलं?"

बन्सीधर हसला. पण तिने ते गमतीने म्हटलेलं नव्हतं.

पंचफुला चारठाण्याची. शाळेत हुशार, अक्षर तर असं की मास्तर दुसऱ्या वर्गांना तिची वही दाखवायचे. अठ्ठ्याहत्तर साली, ती सातवीतून आठवीत गेली त्याच पावसाळ्यात, जिल्हाभर दंगली पेटल्या. शाळा बंद राहिली, नंतर उघडली, पण बापाने पोरीला परत पाठवलं नाही. पुढे लग्न, वालूर, खुरपणी, वेचणी. लग्नात आलेल्या पत्र्याच्या पेटीत सातवीच्या दोन वह्या तिने तळाशी ठेवल्या होत्या. त्या ती कधी काढत नसे, पण दिवाळीला पेटी झाडताना तळाला हात लावून बघे.

आठ दिवसांत तिने तार सोलायला, जोड पिळायला आणि त्यावर घट्ट पट्टी गुंडाळायला शिकून घेतलं. कामासाठी तिने सासूचं जुनं नऊवारी लुगडं काढलं, कारण गोल पातळ नेसून शिडी चढता येत नाही. कासोट्यात पाय मोकळे राहतात. कमरेला पक्कड, पदर डोक्यावरून घेऊन खोचलेला. कुठल्या माळवदाची माती भुसभुशीत झाली आहे, कुठे पाय जपून टाकायचा, हे तिला तोंडपाठ झालं. एका घरून दुसऱ्या घरी जाताना ती वरूनच बायकांशी बोले, आणि खाली येईपर्यंत कुणाची गाय व्याली, कुणाकडे पाहुणे येणार, सगळं तिला कळलेलं असे.

त्यातूनच तिला पुढचं सुचलं. उन्हाळ्यातली गोष्ट. गोजरबाईंनी वर बघून विचारलं, "पंचफुले, राकेल आलं का गं दुकानात?" पुढच्या माळवदावर दुसरीने तेच विचारलं. तिसरीनेही. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, ह्या तारंतून नुसता सिनेमाच कामून जावा? तार घराघरात गेलीच हाय, तर चार कामाच्या गोष्टी बी जाऊ द्या."

बन्सीधरची तंद्री अशा वेळी कामाला येई. परभणीच्या एका लग्नांचे फोटो काढणाऱ्याकडे एक व्हिडिओ कॅमेरा पडून होता. टेपचा भाग बिघडलेला, पण डोळा शाबूत. तो बन्सीधरने आणला आणि दुकानात मागच्या भिंतीवर टांगलेल्या काळ्या फळ्यासमोर ठेवला. टीव्हीवर एक जागा, म्हणजे एक चॅनेल, रिकामी होती. तिथे दिवसभर तो फळा दिसू लागला, आणि फळ्यावर पंचफुलाचं अक्षर. मानवतच्या बाजारात कापसाला काय भाव निघाला. सेलूची गाडी किती वाजता. राकेल कधी येणार. लाईट कधी जाणार, म्हणजे निदान कधी जायची ठरली आहे. 'एक शेळी, कान कापलेला, गोजरबाईंच्या गोठ्यात बांधली आहे, ज्याची असेल त्याने न्यावी.' दुकानात सार्वजनिक फोन होता. बाहेरगावी गेलेल्यांचे निरोप त्यावर येत, तेही फळ्यावर चढत.

गावात टीव्ही असलेली छप्पन्न घरं. सकाळी देवपूजेआधी लोक फळा बघू लागले. पुढे वाचता न येणारी माणसं शेजाऱ्याकडून वाचून घेऊ लागली, आणि गोजरबाई तर नातीकडून अक्षरं शिकायला लागल्या, कारण नात म्हणे मधलं मधलं गाळते. पंचफुलाने पेटीतल्या वह्या काढून दुकानात आणून ठेवल्या. तिला तसं कुणी म्हटलं नसतं, पण पंधरा वर्षांनी ती पुन्हा शाळेत जाऊ लागली होती.

आणि नेमकं तेव्हा किशनरावांनी तिला बोलावणं पाठवलं.

किशनराव बन्सीधरचे चुलत चुलते. घरातले सगळे त्यांना आबा म्हणत. पंचफुलाचे ते नात्याने सासरे लागत. तीस एकर रान, दारात ट्रॅक्टर, शब्दाला वजन. त्यांचं घर गावाच्या बरोबर मधे. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला विजेच्या मोठ्या तारा, त्यामुळे पलीकडे जायला त्यांच्या माळवदाशिवाय वाट नव्हती. पलीकडे एकतीस घरं होती.

आबा ढाळजेत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या ओसरीवर, बाजेवर बसले होते. पंचफुला पदर ओढून खांबाआड उभी राहिली. सासऱ्यासमोर सून बोलत नसे. त्यांनी बोलायचं आणि तिने ऐकायचं.

"ह्या जागी मी पंचवीस वर्सं बसायलोय," आबा म्हणाले. "आन् आठ दिवसाला एकदा डोक्यावर पाय वाजत्यात. माती पटक्यावर पडती. कोण हाय म्हणून बघावं तर आपलीच सून. गावाला सिनेमा दाखवा, न्हाईतर सर्कस दाखवा. पण सासऱ्याच्या डोक्यावरून सुनंनं चालायचं, ही रीत मी बघितली न्हाई. धोंड्याचा महिना सरूस्तोवर तार ऱ्हाऊ दे. सरला की काढून न्या."

भाद्रपद त्या वर्षी अधिक होता. धोंड्याचा महिना संपणार होता १५ सप्टेंबरला, बुधवारी. म्हणजे हातात तीन आठवडेही नव्हते.

पंचफुला घरी आली आणि तिने बन्सीधरला सगळं सांगितलं. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "निम्मं गाव तुटल्यावर बाकीच्याला काय अर्थ? परभणीला त्या दुकानात जागा हाय म्हणतेत. जाऊ तिकडंच."

पंचफुला उठून दुकानात गेली. फळा पुसायचं फडकं तिने धुतलं, पिळलं आणि परत जागेवर वाळत घातलं.

आता किशनरावांच्या घरातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. त्यांची बायको धुरपताबाई जूनमध्ये ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने त्या आतल्या खोलीत खाटेला खिळून होत्या. एकुलती लेक कमल इचलकरंजीला दिलेली. जावई तिकडे सूतगिरणीत. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई जेवायला यायचे, तर कमलला दिवस गेलेले. डॉक्टरने प्रवास नको म्हणून सांगितलं. दर रविवारी सकाळी दहाला ती दुकानातल्या फोनवर फोन करी. आबा जात, बोलून येत.

पंचफुला धुरपताबाईंच्या पायाला तेल लावायला अधूनमधून जाई. आबांनी तार काढायला सांगितल्यावरही गेली. रविवार होता. आबा फोनवरून नुकतेच परत आले होते.

"काय म्हणली कमल?" आतून धुरपताबाईंनी विचारलं.

"बरी हाय," ढाळजेतून उत्तर आलं.

"आन्?"

"आन् काय? बरी हाय."

धुरपताबाई उसळल्या. "दर ऐतवारी जाता आन् 'बरी हाय' घेऊन येता! पोरगी तीन मिनिटं नुसतं 'बरी हाय, बरी हाय' म्हणत बसती का तिकडं? तिला काय खावं वाटतं, पाय सुजलेत का, झोप येती का, कायी इचारलं का?"

"फोनवर आसलं कोण इचारतं!"

"आई इचारती!"

मग त्या उशीवर टेकल्या. पंचफुलाचा हात धरून हळू म्हणाल्या, "तीन महिने झाले पोरीचा आवाज ऐकून. मला उचलून न्या म्हणलं तर डॉक्टर नको म्हणतो. पंचफुले, एवढं सगळं जग त्या तारंतून घरात येतं. माझ्या लेकीचा आवाजच तेवढा येत न्हाई का गं?"

पंचफुला त्या संध्याकाळी बन्सीधरसमोर जाऊन बसली. फोनचा आवाज तारेत सोडता येईल का? येईल, तो म्हणाला. फोनच्या कानाजवळ माईक धरला की फळ्याच्या जागी आवाज जाईल. आई ऐकेल. तिला उलट बोलता येणार नाही, पण ऐकेल. "मात्र," बन्सीधर म्हणाला, "आवाज एका घरात सोडता येत न्हाई. छप्पन्न घरात जाईल."

"मधल्या तारा सोडल्या तर?"

"एवढे जोड सोडायचे आन् परत करायचे, दोन दिस जातील. आन् माळवदं वली हायेत. घसरून पडलीस तर धुरपताकाकूच्या शेजारी खाट टाकावी लागंल."

धुरपताबाईंनी नवऱ्याला राजी कसं केलं ते त्यांनाच ठाऊक. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत म्हणतात. बुधवारी आबांनी पंचफुलाला खांबाआड उभं करून सांगितलं, "येत्या ऐतवारी, पाच तारखेला. एकदाच. पण दुसऱ्या कुणाच्या घरात माझ्या लेकीचा आवाज गेला, तर महिना सरायची वाट बघणार न्हाई. त्याच दिवशी तार खाली."

तिने मान हलवली. आता सगळं रविवारच्या पंधरा मिनिटांवर येऊन थांबलं होतं.

पुढचे तीन दिवस ती घरोघर फिरली. रविवारी दहा ते सव्वादहा टीव्ही बंद ठेवा, एवढंच मागणं.

"ठिवतो की," आप्पाराव म्हणाले. "पण आमचा बंद केला की पुन्हा चालू होत न्हाई लवकर. थापड मारावी लागती. नुसता आवाज कमी केला, चित्र ऱ्हाऊ दिलं, तर?"

"चित्रात नुसता फळाच हाय, काका."

"मग बंदच ठिवतो."

गोजरबाई तर दुखावल्याच. "आमी कामून ऐकू वं दुसऱ्याच्या लेकीचं? आमाला लेकी न्हाईत का? पंचफुले, तांब्या फेकणारी बाई हाय मी. लाज कशाला म्हणतेत, मला शिकवू नको."

काही घरं कुलपात होती, माणसं रानात. ती राहू नयेत म्हणून पंचफुलाने शनिवारी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं : 'उद्या रविवार, सकाळी दहा ते सव्वादहा या वेळेत या जागी एका घरचं खाजगी बोलणं होईल. कृपया सर्वांनी टीव्ही बंद ठेवावा.' खाली दुहेरी रेघ ओढली. शाळेत सूचना अशाच लिहीत. सांगितलं की माणसं ऐकतात, यावर तिचा सातवीपासूनचा विश्वास होता. बन्सीधरने सूचना दोनदा वाचली, डोकं खाजवलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला तेवढ्यात एक ढिला स्क्रू दिसला.

रविवारी पावणेदहाला पंचफुला धुरपताबाईंच्या खाटेशेजारी जाऊन बसली. आबा दुकानात गेले होते. टीव्हीवर कोरा फळा. धुरपताबाईंनी वेणी घालून घेतली होती, कपाळाला कुंकू लावलं होतं, जणू लेक दारातूनच येणार होती.

दहा वाजून चार मिनिटांनी खरखर झाली. आबांचा आवाज आला, "हां, बोल. आई ऐकायली टीव्हीवर. मी फोन धरून उभा हाय." आणि मग, फळ्याच्या काळ्या चौकटीतून, कमल बोलली.

"आई? ऐकू यायलं का? मला तर कायी खरंच वाटंना. आई, आगं, तुझी मांडी मोडली आन् मला कुणी सांगितलं न्हाई! पंचफुलावहिनीचं पत्र आलं तवा कळलं. दर ऐतवारी इचारते, आई कशी हाय, तर आबाचं एकच, 'बरी हाय'!"

धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, कळेना. "आगं मोडली न्हाई, नुसती मुरगाळली," त्या टीव्हीला म्हणाल्या. टीव्हीला थापा कळत नाहीत.

"मला पाचवा लागला, आई. बरं चाललंय. पाय जरा सुजतेत. माणसं चांगली हायेत सगळी. पण आई, अंबाडीची भाजी खावी वाटायली. लय. कण्या टाकून, वरून लसणाची फोडणी. इथं बाजारात एकीला इचारलं, अंबाडी हाय का, तर म्हणली, दोरखंड करायची का? सपनात बी अंबाडीच येती बघ. सासूबाईनं पालक आणला, चाकवत आणला, त्यांचा तरी काय दोष. आई, तू ऐकायलीस ना? मला तुझं ऐकू येत न्हाई. तू बोलत असशील तर बोल, मी गप ऱ्हाते जरा."

आणि ती खरंच गप्प राहिली. दीडशे कोसांवरच्या फोनच्या खोक्यात ती आईला बोलायला जागा देऊन थांबली. धुरपताबाई त्या शांततेत भराभरा बोलत होत्या, पाय उशीवर ठेव, ओझं उचलू नको, रात्री दूध घे. पंचफुलाने मान फिरवून भिंतीकडे पाहिलं.

"बरं, ठेवते. आबा, तुमी ऐकायलात का? पुढच्या ऐतवारी 'बरी हाय' म्हणलात तर मी बोलणारच न्हाई!"

खट् असा आवाज झाला. फळा पुन्हा मुका.

सोमवारी सकाळी पंचफुला तेल लावायला आली तेव्हा आबा ढाळजेत होते. दारात गोजरबाई उभ्या. काखेत अंबाडीची जुडी.

"रानात लय माजली वं," त्या आत बघून मोठ्याने म्हणाल्या. "म्हणलं, धुरपताला द्यावी थोडी."

जुडी ठेवून त्या गेल्या. मग आप्पाराव आले. त्यांच्या हातात दोन जुड्या. "सहज. घरी कुणी खात न्हाई." मग ओढ्यापलीकडची एक बाई आली, तिला आबा नावानेही ओळखत नव्हते. तिने अंबाडी आणि वर कपड्यात बांधलेल्या ताज्या भरडलेल्या कण्या ठेवल्या. दहा वाजेपर्यंत ओसरीवर हिरवा ढीग झाला. चौदा जुड्या. कमलचं नाव एकानेही घेतलं नव्हतं. आप्पाराव जाता जाता तेवढं विचारून गेले, "धुरपतावहिनीची तब्येत कशीय, किशनराव?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, "बरी हाय ना? बरी हाय, बरी हाय."

आबा उठले. कोनाड्यातली पक्कड घेतली आणि शिडीकडे निघाले.

पंचफुलाला तेव्हा शनिवारची सूचना आठवली, दुहेरी रेघेसकट, आणि आपण काय केलं ते एका क्षणात कळलं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही तिनेच वेळ कळवली होती. ती खांबाआडून पुढे आली. सासऱ्यासमोर आजवर बोलली नव्हती, ती बोलली.

"आबा, चूक माझी हाय. गावाची न्हाई, ह्यांची बी न्हाई. फळ्यावर मीच लिव्हलं. तुमी चढू नका, माळवद वलं हाय. पक्कड द्या. तार मी काढते."

आबा थबकले. सुनेचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. पक्कड त्यांनी पुढे केली. ती घेऊन तिने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांब गं!" आतून धुरपताबाईंची हाक आली. "आवं, तार काढायची तर काढा. पण आधी ही अंबाडी ज्याची त्याला परत देऊन या."

"अंबाडीचा काय संबंध?"

"मग? त्यांनी ऐकलं म्हणून आणली. ऐकल्याचा राग असंल तर आणलेलं कसं ठिवता? जा, घरोघर फिरा. आन् डोहाळ्याचं आलेलं परत केलं तर काय होतं, ते गोजरबाईला इचारून या."

आबा परत बाजेवर टेकले. डोहाळ्याची वस्तू दारातून परत जात नाही. हे त्यांना गोजरबाईंनी सांगायची गरज नव्हती.

"आता ह्या एवढ्या ढिगाचं काय करावं?" ते म्हणाले.

"चार जुड्या वल्या पोत्यात गुंडाळून आज रातच्या गाडीनं जाऊ द्या. बाकीची वाळवायची. वाळली की वर्षभर जाती."

"वाळव मग."

"मी? मला खाटंवरून उठता येत न्हाई. माळवदावर वाळवण घालायला कोण जातं आपल्या घरात? सून जाती. तुमची आई गेली, मी गेले, तुमी खाली ह्याच जागी बसला होता. तवा कुणाचे पाय डोक्याला लागले न्हाईत ते?"

आबांनी ढिगाकडे पाहिलं. मग शिडीवर एक पाय टाकून उभ्या असलेल्या पंचफुलाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पकडीकडे पाहिलं.

"पक्कड ठिव कोनाड्यात," ते म्हणाले. "अंबाडी घेऊन जा वर."

तिने ओच्यात जुड्या भरल्या आणि वर गेली. ऊन छान पडलं होतं. कोरड्या बाजूला जुनं धोतर अंथरून ती पानं खुडून पसरू लागली. तार तिच्या पायापाशी होती, काळी, एका खुंटीवरून सुटून लोंबलेली. तिने ती उचलून नीट बसवली. खालून बाज सरकवल्याचा आवाज आला. छताला उजेडासाठी ठेवलेलं सवनं होतं. त्यातून तिने डोकावून पाहिलं. आबा आपली बाज दोन हात बाजूला ओढत होते, भिंतीशी, जिथे वर कुणी चालत नव्हतं. पंचवीस वर्षांची जागा सोडून ते तिथे बसले, पटका झटकला आणि पुन्हा डोक्याला गुंडाळला.

मग सवन्याकडे न बघता त्यांनी आवाज दिला. "पंचफुला!"

"जी, आबा."

"फळ्यावर लिही. अंबाडी पोचली. आता कुणी आणू नये. कमलला पाचवा महिना हाय, पाय जरा सुजतेत, माणसं चांगली हायेत, झोप..." ते अडले. "झोपंचं तेवढं इचारायचं ऱ्हायलं. पुढच्या ऐतवारी इचारू."